आघाडी ते पिछाडी : ओरोस्कोच्या ‘ला रेताग्वार्दिया’ या मुद्राचित्रातील युद्धविरोध

सारांश

मेक्सिकन चित्रकार होसे क्लेमेन्ते ओरोस्को (१८८३–१९४९) याचे ‘ला रेताग्वार्दिया’ म्हणजे ‘पिछाडी’ हे शिलामुद्रित चित्र १९२९ मधील आहे. युद्धविरोधी चित्र म्हणून त्याचा उल्लेख होतो. मात्र या चित्रात रणांगण नाही, प्रेत नाही, शत्रूही नाही. दर्शकाकडे पाठ करून चालणारी माणसे, त्यांच्या बंदुका आणि पाठीवर बांधलेली मुले एवढेच त्यात आहे. अशा चित्राला युद्धविरोधी कोणत्या अर्थाने म्हणावे, हा या निबंधाचा विषय आहे. चित्राची रचना, सोल्दादेरा स्त्रियांचा इतिहास, चित्राची न्यूयॉर्कमधील निर्मिती आणि ओरोस्कोच्या आधीच्या व नंतरच्या कलाकृती यांच्या आधारे येथे असे प्रतिपादन केले आहे की, या चित्राचा विरोध शांततावादी नसून युद्धाच्या गौरवीकरणाला आहे. आणि तो विरोध चित्रकाराने उभे राहण्यासाठी निवडलेल्या जागेतून व्यक्त होतो.

बीजशब्द : ओरोस्को, शिलामुद्रण, मेक्सिकन क्रांती, सोल्दादेरा, युद्धविरोधी कला.

प्रस्तावना

आधुनिक मेक्सिकन कलेचा विचार करताना दिएगो रिव्हेरा, डेव्हिड आल्फारो सिकेइरोस आणि होसे क्लेमेन्ते ओरोस्को ही तीन नावे एका दमात घेतली जातात. तिघेही भित्तिचित्रकार होते आणि तिघांनीही क्रांतीनंतरच्या मेक्सिकोला आपापल्या परीने दृश्यरूप दिले. परंतु या एकत्र उल्लेखामुळे त्यांच्यातील मूलभूत भेद झाकला जातो. रिव्हेराने क्रांतीला इतिहासाच्या प्रगतीत स्थान दिले, सिकेइरोसने तिला पक्षाचा कार्यक्रम दिला. ओरोस्कोने मात्र तिच्यावर विश्वास ठेवण्याचेच नाकारले. त्याची बंडखोरी सत्ताधाऱ्यांपुरती मर्यादित नव्हती. ज्या बंडाने देश घडवला, त्या बंडाच्या घोषणांविरुद्धही ती होती.

ओरोस्कोची कीर्ती प्रामुख्याने भित्तिचित्रांवर उभी असल्याने त्याची मुद्राचित्रे अभ्यासात दुय्यम ठरतात. भित्तिचित्रांचे छोटे प्रतिध्वनी म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाते. काही मुद्राचित्रांच्या बाबतीत हे खरेही आहे. ‘फ्रान्सिस्कन’ हे शिलामुद्रण मेक्सिको शहरातील राष्ट्रीय पूर्वतयारी विद्यालयातील भित्तिचित्राच्याच आशयावर बेतलेले आहे. तथापि ‘पिछाडी’ या चित्राला हा निकष पुरत नाही. भिंतीवर जे सांगता आले नसते, ते या लहान कागदावर सांगितले गेले आहे, असे त्याच्या बारकाईने केलेल्या वाचनातून दिसून येते.

बंडखोराची घडण

ओरोस्कोचा जन्म हालिस्को प्रांतातील सापोत्लान एल ग्रांदे, म्हणजे आजचे सिउदाद गुसमान, येथे १८८३ मध्ये झाला. कुटुंब मेक्सिको शहरात आल्यानंतर शाळेच्या वाटेवर होसे ग्वादालूपे पोसादा या मुद्राचित्रकाराचे काम करताना दर्शन घडे आणि चित्रकलेची पहिली ओढ तेथे लागली, असे त्याने आत्मचरित्रात नोंदवले आहे. पोसादाची स्वस्त कागदावरील सांगाड्यांची चित्रे रस्त्यावर विकली जात. राजा आणि रंक यांना एकाच हाडांच्या सापळ्यात पाहण्याची ती दृष्टी ओरोस्कोच्या चित्रात पुढे वेगळ्या रूपाने उतरली. तरुणपणी दारूच्या स्फोटाच्या अपघातात त्याचा डावा हात गेला. १९११ मध्ये सान कार्लोस कला अकादमीतील विद्यार्थ्यांच्या संपात तो सहभागी होता.

१९१० मध्ये सुरू झालेल्या क्रांतीचे १९१४ नंतर विजेत्यांच्याच परस्परयुद्धात रूपांतर झाले. १९१५ मध्ये ओरोस्को हा चित्रकार डॉक्टर आत्ल याच्यासोबत ओरिसाबा या गावी गेला आणि व्हेनुस्तियानो कारांसाच्या बाजूने निघणाऱ्या वृत्तपत्रासाठी व्यंगचित्रे काढू लागला. त्या वृत्तपत्राचे नाव होते ‘ला व्हांग्वार्दिया’, म्हणजे ‘आघाडी’. चौदा वर्षांनी त्याच चित्रकाराने ज्या मुद्राचित्राला ‘पिछाडी’ हे नाव दिले, ते या पार्श्वभूमीवर पाहणे उद्बोधक ठरते. हे नामसाम्य हेतुपुरस्सर नसेलही. परंतु चित्रकाराच्या प्रवासाची दिशा या दोन शब्दांत नेमकी पकडली जाते, हे नाकारता येणार नाही.

येथे एका अडचणीच्या नोंदीकडे दुर्लक्ष करता येत नाही. आत्मचरित्रात ओरोस्को स्पष्टपणे सांगतो की, आपण क्रांतीत लढलो नाही, आपल्यावर कोणताही धोका ओढवला नाही आणि क्रांती ही आपल्या दृष्टीने एखाद्या आनंदी जत्रेसारखी होती. क्रांतीची सर्वाधिक काळोखी चित्रे काढणाऱ्या कलावंताच्या तोंडी हे विधान चमत्कारिक वाटते. मात्र त्याच आत्मचरित्रात फाशी दिलेली आणि गोळ्या घातलेली माणसे, जखमींनी भरलेल्या गाड्या आणि लुटलेली चर्चे यांची वर्णने आहेत. तेव्हा ‘जत्रा’ या शब्दातील उपरोध लक्षात घ्यावा लागतो. आपण हुतात्मा नाही, सैनिकही नाही, हे सांगून ओरोस्को स्वतःला गौरवाच्या वाटणीतून बाहेर काढतो. क्रांतीनंतरच्या मेक्सिकोत क्रांतीतील सहभाग हेच राजकीय भांडवल होते. अशा काळात हे विधान निव्वळ थट्टेचे राहत नाही.

१९१७ मध्ये अमेरिकेत प्रवेश करताना लारेडो येथील जकात अधिकाऱ्यांनी त्याची सुमारे साठ चित्रे अनैतिक ठरवून फाडून टाकली. १९२४ मध्ये पूर्वतयारी विद्यालयातील त्याच्या भित्तिचित्रांची विद्यार्थ्यांनी नासधूस केली आणि काम थांबले. १९२६ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. परक्या देशाचे अधिकारी आणि स्वतःच्या देशातील सुशिक्षित तरुण अशा दोघांचाही रोष त्याने अनुभवला होता. १९२७ च्या डिसेंबरमध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि १९३४ पर्यंत अमेरिकेत राहिला. ‘पिछाडी’ हे चित्र या स्वेच्छेने पत्करलेल्या परदेशवासातील आहे.

‘भीषणता’ या शब्दाचे काय झाले

‘पिछाडी’चे मूळ ओरोस्कोच्या शाईच्या रेखाचित्रांत शोधावे लागते. १९२६ मध्ये लेखिका आनिता ब्रेनर हिने क्रांतीविषयक रेखाचित्रांची एक मालिका त्याच्याकडून करवून घेतली. ओरोस्कोला मदत घेणे रुचणार नाही म्हणून तिने एका काल्पनिक अमेरिकन ग्राहकाची सबब पुढे केली. ही मालिका ‘क्रांतीची भीषणता’ या नावाने ओळखली जाऊ लागली. लूट, बलात्कार, फाशी, शवाभोवतीचा शोक असे तिचे विषय आहेत. या नावातच फ्रान्सिस्को गोयाच्या ‘युद्धाचे अनर्थ’ या अम्लरेखनमालेचा प्रतिध्वनी आहे.

न्यूयॉर्कमध्ये १९२८ साली ही रेखाचित्रे मांडली गेली तेव्हा तिचे नाव ‘मेक्सिकोतील क्रांती’ असे सौम्य झाले. ‘भीषणता’ हा निवाडा होता. ‘मेक्सिकोतील क्रांती’ ही माहिती झाली. पहिले नाव पाहणाऱ्याला भूमिका घ्यायला लावते, तर दुसरे त्याला प्रवासी करते. त्या काळात अमेरिकेतील अभिजनवर्गात मेक्सिकन हस्तकला आणि चित्रकला यांची मोठी आवड निर्माण झाली होती. दूरच्या देशातील हिंसा या आवडीचा भाग होऊ शकत होती. ओरोस्कोसमोर पेच होता तो हा : आपल्या देशातील यातना परक्या ग्राहकाला दाखवायच्या, पण त्या पाहून त्याचे मनोरंजन होऊ द्यायचे नाही.

१९२८ पासून त्याने शिलामुद्रण हाती घेतले. मराठी वाचकाला ‘शिळाप्रेस’ या नावाने परिचित असलेले हेच तंत्र होय. तेलकट खडूने दगडावर थेट चित्र काढायचे. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत या तत्त्वावर शाई फक्त चित्रित भागाला धरते आणि कागदावर उमटते. कोरणे, खोदणे यांची गरज नसल्याने चित्रकाराच्या हाताचा दाब जसाच्या तसा राहतो. न्यूयॉर्कमधील कुशल मुद्रक जॉर्ज मिलर याच्याकडे ओरोस्कोची शिलामुद्रणे छापली गेली. ‘रेक्विएम’ हे १९२८ चे, तर ‘पिछाडी’ १९२९ चे. रेखाचित्रांतील रक्तपात या शिलामुद्रणांत मागे पडला. ‘रेक्विएम’मध्ये मृत माणूस दिसत नाही, दाराशी जमलेले शोकाकुल लोक दिसतात. ‘पिछाडी’मध्ये तर मृत्यूचा उल्लेखही नाही. हा बदल बाजारासाठी केलेली तडजोड होती की पेचावर शोधलेले उत्तर होते, हे चित्राकडे पाहूनच ठरवावे लागेल.

चित्राचे वाचन

‘पिछाडी’ हे आडव्या आकाराचे कृष्णधवल चित्र आहे. माणसांचा एक दाट समूह चालत आहे. रुंद काठाच्या टोप्या, खांद्यावरच्या बंदुका, स्त्रियांच्या अंगाभोवती गुंडाळलेले रेबोसो आणि त्या रेबोसोंत पाठीशी बांधलेली मुले असे त्याचे घटक आहेत. समूहाने दर्शकाकडे पाठ केली आहे. व्यक्ती म्हणून ओळखता येईल असा चेहरा चित्रात जवळजवळ नाही. नायक नाही, झेंडा नाही, घोड्यावरचा सेनापती नाही.

रचनेचा आधार दोन प्रकारच्या आकारांत आहे. बंदुकांच्या कठोर सरळ रेषा हा एक प्रकार. वाकलेल्या पाठी, टोप्या आणि मुलांची गाठोडी यांचे गोलाकार हा दुसरा. युद्धचित्रांत सरळ रेषांना सहसा प्रतिष्ठा असते. भाले, संगिनी, ध्वजदंड यांच्या रेषा नजरेला शत्रूकडे नेतात. येथे त्या रेषा कोणाकडेही रोखलेल्या नाहीत. बंदूक हे या चित्रात वाहून नेण्याचे आणखी एक ओझे आहे. मूल आणि बंदूक यांना चित्रकाराने एकाच पातळीवर आणले आहे. दोन्ही शरीराला वाकवतात. युद्ध म्हणजे लढणे या रूढ समजुतीच्या जागी युद्ध म्हणजे वाहणे ही जाणीव चित्र उभी करते.

दुसरी महत्त्वाची बाब दर्शकाच्या स्थानाची आहे. पाठमोऱ्या समूहामागे उभा असलेला दर्शक हा पिछाडीच्याही मागे उरलेला माणूस ठरतो. तो या लोकांना अडवू शकत नाही, त्यांच्याशी बोलू शकत नाही, त्यांच्या डोळ्यांत पाहून हळहळूही शकत नाही. करुणेला चेहरा लागतो आणि चित्रकाराने तोच नाकारला आहे. यातनेचे प्रेक्षणीय दृश्य होऊ द्यायचे नाही या पेचावर ओरोस्कोने शोधलेले उत्तर हे आहे. न्यूयॉर्कच्या ग्राहकाने हे चित्र घरात लावले तरी चित्रातील माणसे त्याच्याकडे पाहत नाहीत. ती आपल्या वाटेने निघून जात असतात.

शीर्षकही दुहेरी आहे. स्पॅनिशमधील ‘रेताग्वार्दिया’ हा शब्द सैन्याच्या शेवटच्या तुकडीसाठी वापरला जातो, तसाच रणभूमीपासून दूर असलेल्या मागच्या प्रदेशासाठीही. एका अर्थी ते सैनिक, दुसऱ्या अर्थी ते नागरिक. चित्रात हा भेद पुसला जातो. मराठीत या संदर्भात ‘बुणगे’ हा शब्द सहज आठवतो. पानिपतच्या इतिहासलेखनात फौजेसोबत चालणाऱ्या न लढणाऱ्या लोकांसाठी तो येतो आणि त्याला अडगळीची छटा चिकटलेली आहे. ‘ला रेताग्वार्दिया’चे भाषांतर ‘बुणगे’ असे करता येणार नाही, कारण ओरोस्कोच्या चित्रात मागे अडखळणारी अडगळ नाही. युद्धाचा सगळा भार ज्यांच्यावर आहे तीच ही माणसे आहेत. ‘पिछाडी’ हा तटस्थ शब्द म्हणूनच येथे योग्य वाटतो.

सोल्दादेरा : इतिहास आणि दंतकथा

मेक्सिकन सैन्यांबरोबर जाणाऱ्या स्त्रियांना ‘सोल्दादेरा’ म्हणत. ‘सोल्दादा’ म्हणजे शिपायाचा पगार. त्या पगारातून अन्न मिळवून रांधणारी ती सोल्दादेरा. सैन्याला रसद पुरवणारी स्वतंत्र व्यवस्था नसल्याने अन्न शोधणे, शिजवणे, जखमींची शुश्रूषा करणे ही कामे या स्त्रियांकडे होती. काही स्त्रियांनी प्रत्यक्ष शस्त्र घेतले आणि पथकांचे नेतृत्वही केले. आगगाडीच्या टपावर संसार मांडून, मुलांसह त्या आघाडीमागून प्रवास करत. त्यांच्याशिवाय ही सैन्ये हलू शकली नसती.

क्रांती संपल्यावर दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. एकीकडे ‘आदेलिता’ या लोकगीतातील प्रेयसी सोल्दादेराचे प्रतीक झाली. छातीवर काडतुसांचे पट्टे बांधलेली सुंदर तरुणी दिनदर्शिकांपासून चित्रपटांपर्यंत सर्वत्र दिसू लागली. दुसरीकडे, लष्कराचे आधुनिकीकरण करताना युद्धमंत्री होआकिन आमारो याने १९२० च्या दशकाच्या मध्यास या स्त्रियांना बराकींतून हुसकावून लावले. शिस्त आणि आरोग्य यांना त्या घातक आहेत अशी भूमिका घेतली गेली. गाण्यात गौरव आणि बराकीबाहेर हकालपट्टी, असा हा व्यवहार होता.

‘पिछाडी’चे वर्षही लक्षात घ्यावे लागते. १९२९ मध्ये क्रिस्तेरो युद्ध समझोत्याने थांबले आणि त्याच वर्षी प्लुतार्को एलियास काय्येस याच्या पुढाकाराने राष्ट्रीय क्रांतिकारी पक्षाची स्थापना झाली. क्रांती ही घटना संपून क्रांती ही संस्था सुरू झाली. याच वर्षी मारियानो आसुएलाच्या ‘लोस दे आबाहो’ या क्रांतीविषयक कादंबरीची इंग्रजी आवृत्ती न्यूयॉर्कमध्ये ओरोस्कोच्या चित्रांसह प्रसिद्ध झाली. आपण का लढतो हे विसरूनही लढत राहणारी माणसे हा त्या कादंबरीचा गाभा आहे. क्रांतीला पक्ष मिळाला, त्या वर्षी ओरोस्कोने त्या क्रांतीची पाठमोरी माणसे रंगवली. या माणसांना पक्षात जागा नव्हती आणि बराकीतही नव्हती.

सोल्दादेराच्या या चित्रणावर एक आक्षेप घेता येतो आणि तो गंभीर आहे. स्त्रियांना चेहरा नाकारून, त्यांना केवळ भारवाही दाखवून ओरोस्को एका दंतकथेच्या जागी दुसरी दंतकथा तर उभी करत नाही ना? लढलेल्या, निर्णय घेतलेल्या स्त्रियांचे कर्तेपण या चित्रात दिसत नाही. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. मात्र चेहरा केवळ स्त्रियांना नाकारलेला नाही. पुरुषांनाही तो नाही. आदेलितेच्या प्रतिमेत स्त्री सुंदर आणि पुरुष शूर असतो. येथे दोघेही सारखेच वाकलेले आहेत. कर्तेपणाचा गौरव चित्र करत नाही हे खरे, पण दुःख सोसणाऱ्या मातेचा गौरवही ते करत नाही.

युद्धविरोधी मुद्राचित्रांची परंपरा

मुद्राचित्र आणि युद्धविरोध यांचे नाते जुने आहे. गोयाने १८१० ते १८२० या काळात केलेली ‘युद्धाचे अनर्थ’ ही ८० चित्रांची माला त्याच्या मृत्यूनंतर, १८६३ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत केथे कोलवित्झने ‘युद्ध’ ही सात काष्ठठशांची माला १९२२–२३ मध्ये आणि ओटो डिक्सने त्याच नावाची ५० अम्लरेखनांची माला १९२४ मध्ये केली. ‘पिछाडी’ या परंपरेत बसते, पण तिच्यापासून वेगळीही पडते.

गोया आणि डिक्स यांच्या चित्रांत छिन्न शरीर हा पुरावा असतो. पाहणाऱ्याने नजर वळवू नये असा त्यांचा आग्रह आहे. कोलवित्झच्या चित्रांत शरीराऐवजी शोक करणारा चेहरा आणि कवटाळणारे हात महत्त्वाचे आहेत. मुलगा युद्धात गमावलेल्या या कलावतीची वेदना त्या हातांत आहे. ओरोस्कोच्या मुद्राचित्रात पुरावाही नाही आणि विलापही नाही. १९२६ च्या रेखाचित्रांत त्याने गोयाचा मार्ग चोखाळून पाहिला होता. भीषणतेचे दृश्य कालांतराने दुसऱ्या नावाखाली विकले जाऊ शकते हा अनुभव त्याला आल्यानंतर ‘पिछाडी’ आली. त्यामुळे तिच्यातील संयम हा धार बोथट होण्याचा प्रकार ठरत नाही. भीषणतेतील प्रेक्षणीयता काढून घेतल्यावर उरते ते चालणे. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही आणि म्हणून विजयही नाही.

तरीही चित्राची एक मर्यादा स्पष्ट नोंदवली पाहिजे. ही माणसे का निघाली, हे चित्रातून कळत नाही. जमिनीची मागणी, हासिएन्दांची पिळवणूक, वेठ यांचा मागमूस त्यात नाही. कारणे वगळली की युद्ध हे पूर किंवा दुष्काळ यांसारखे नैसर्गिक संकट वाटू लागते. ओरोस्कोवर डाव्या समीक्षकांनी निराशावादाचा आरोप केला, त्याला येथे आधार मिळतो. एकेका चित्रापुरते पाहिले तर हा आरोप खोडून काढणे कठीण आहे. त्याच्या इतर कामासोबत पाहिल्यावरच त्याचे उत्तर सापडते.

गांधी आणि लेनिन एकाच दालनात

‘पिछाडी’नंतर दोनच वर्षांत, १९३१ च्या आरंभी, ओरोस्कोने न्यूयॉर्कमधील ‘न्यू स्कूल फॉर सोशल रिसर्च’ या संस्थेतील भित्तिचित्रे पूर्ण केली. अल्मा रीड या त्याच्या पाठीराख्या लेखिकेच्या घरी जमणाऱ्या मंडळाशी भारताचा संबंध आला होता; अमेरिकेच्या दौऱ्यावर असलेल्या सरोजिनी नायडू यांचा त्या मंडळाशी परिचय झाला होता. न्यू स्कूलच्या दालनातील एका भिंतीवर साम्राज्यवादी सैनिकांसमोर शांत बसलेले महात्मा गांधी आणि त्यांच्यासोबत सरोजिनी नायडू यांचे चित्रण आहे. दुसऱ्या भिंतीवर लेनिन आणि सोव्हिएत सैन्य, तसेच युकातानचा हत्या झालेला समाजवादी राज्यपाल फेलिपे कारिय्यो पुएर्तो आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत साम्यवादविरोधी वातावरण असताना सोव्हिएत भागावर संस्थेनेच पडदा टाकला होता.

अहिंसेचा नेता आणि सशस्त्र क्रांतीचा नेता यांना एका दालनात स्थान देणाऱ्या चित्रकाराला शांततावादी म्हणता येणार नाही. अन्यायाविरुद्ध उठणे त्याला मान्य आहे. आक्षेप आहे तो उठणाऱ्यांच्या नावावर इतरांनी प्रतिष्ठा मिळवण्याला. हा धागा पुढे अधिक ठळक होतो. डार्टमाउथ महाविद्यालयातील १९३२–३४ च्या भित्तिचित्रांपैकी ‘आधुनिक नरबळी’ या भागात शिपायाच्या अवशेषांवर झेंडे, पुष्पचक्रे आणि भाषणे यांचा ढीग रचलेला आहे. १९३५ च्या ‘लास मासास’ या शिलामुद्रणात समूह पुन्हा येतो. पण तो आता निव्वळ उघडी तोंडे आणि झेंडे यांचा बनलेला आहे.

‘पिछाडी’ आणि ‘लास मासास’ ही चित्रे शेजारी ठेवली असता ओरोस्कोची भूमिका स्पष्ट होते. पहिल्या समूहाला तोंड नाही, पाठ आहे. दुसऱ्या समूहाला तोंडच आहे. एक समूह वाहतो, दुसरा ओरडतो. चित्रकाराचा आदर कोणत्या समूहाला आहे, याविषयी संदिग्धता उरत नाही. समूहाविषयी त्याला तुच्छता होती असे सरसकट विधान करणाऱ्यांनी ही तुलना लक्षात घेणे आवश्यक आहे.

१९४० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयासाठी त्याने ‘डाइव्ह बॉम्बर आणि रणगाडा’ हे सहा फलकांचे चित्र रंगवले. युरोपात युद्ध पेटले होते. या चित्रात चालणारी माणसे नाहीत. यंत्राचे तुकडे, साखळ्या आणि त्यांखाली चिरडलेली मुखवट्यांसारखी डोकी आहेत. फलकांचा क्रम बदलता येतो. कोणत्याही क्रमाने लावले तरी विध्वंस तोच राहतो. १९२९ मध्ये युद्ध माणसाच्या पाठीवर होते, १९४० मध्ये ते माणसावरून जाते. अकरा वर्षांतील हे अंतर पाहिल्यावर ‘पिछाडी’तील माणसांचे माणूसपण अधिक जाणवते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. ‘पिछाडी’चा युद्धविरोध विषयात नसून दृष्टिस्थानात आहे. युद्धाचे चित्र समोरून काढले की शौर्य दिसते, वरून काढले की डावपेच दिसतात. ओरोस्कोने ते मागून काढले आणि त्यामुळे ओझे दिसले. सोल्दादेरांच्या गौरवगीतापासून आणि त्यांच्या हकालपट्टीपासून हे चित्र सारखेच दूर राहते. युद्धाची कारणे ते सांगत नाही, ही त्याची खरी मर्यादा आहे. परंतु कारणे सांगणारे पुढारी, पक्ष आणि स्मारके त्या काळी मुबलक होती. ती कारणे ज्यांच्या पाठीवर लादली गेली, त्यांच्याकडे पाहणारे थोडे होते.

‘युद्धविरोधी’ हे विशेषण कलाकृतीला लावताना तिच्यात किती रक्त आहे हे मोजण्याची सवय समीक्षेला लागली आहे. ओरोस्कोचे हे छोटे मुद्राचित्र त्या सवयीला छेद देते. युद्धाला विरोध करण्यासाठी युद्ध दाखवावेच लागते असे नाही, हे त्याने सिद्ध केले. ‘आघाडी’ नावाच्या वृत्तपत्रासाठी व्यंगचित्रे काढणारा तरुण चौदा वर्षांनी पिछाडीच्या मागे येऊन उभा राहिला. बंडखोर कलावंताने स्वतःच्या बाजूच्या बंडाकडेही कोठून पाहावे, याचे उत्तर या जागाबदलात आहे.